आधी पंचांग, मग रॉड

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईहून फ्लायने, म्हणजे गळावर पिसं बांधून केलेल्या खोट्या आमिषाने, मासे धरणाऱ्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: "कोकणात येतोय, कुठली फ्लाय आणू?" माझा उलट प्रश्नही ठरलेला: "कुठल्या तिथीला येताय?" पलीकडे जरा शांतता, मग उत्तर येतं, "तिथी बघितली नाही, शनिवार-रविवार येतोय." फ्लाय कुठलीही आणा हो. बॉक्समध्ये चार रंगांच्या चार असल्या तरी पुरतात. मासा लागायचा की नाही ते पाणी कुठल्या वेळी कुठल्या दिशेला वाहतंय यावर ठरतं.

मी देवगड तालुक्यातला. हापूसची कलमं आहेत, त्यामुळे फेब्रुवारीनंतर माझा वेळ माझा राहत नाही. पाऊस सरल्यापासून मोहोराच्या फवारण्या अंगावर येईपर्यंत मात्र जमेल त्या सकाळी मी खाडीवर असतो, हातात 8 नंबरचा फ्लाय रॉड घेऊन. आमच्याकडे गळाने गरवणारे पुष्कळ, पाग म्हणजे फेकजाळं टाकणारेही पुष्कळ, फ्लायवाला मी एकटाच. शेजारच्या आजोबांचा उभा जन्म पाग टाकण्यात गेला. मला पहिल्यांदा कास्ट करताना बघून ते एवढंच म्हणाले, "आधी वारो खंयचो तां बघ रे, मगे दोरी फेक." या लेखातलं निम्मं शहाणपण त्या वाक्यातलंच आहे.

फ्लायचं गणित थोडक्यात असं. गळाला कोळंबी लावून शिसं बांधलं की ते वाऱ्यातही जातं, तळाला बसतं आणि गढूळ पाण्यात मासा वासावर येतो. फ्लायला ना म्हणण्यासारखं वजन, ना वास. वजन असतं ते जाड दोरीला, आणि ती दोरी वारा उडवतो. मासा येणार तो फ्लाय डोळ्यांनी बघून किंवा तिची पाण्यातली हालचाल अंगाला जाणवून. म्हणून भरती-ओहोटी, वारा आणि पाण्याचा नितळपणा या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच रॉड काढायचा. दोन जुळल्या तर कोळंबी लावून गरवायला बसा. एकच जुळली तर घरी चहा घ्या.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहाच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, तिथीही रोज एकेक सरकते, म्हणून हा हिशोब जुळतो. मात्र तो मुंबईच्या बाजूला चपखल बसतो. देवगड-मालवणकडे भरती तासाभराने आधी येते असं धरून मी चालतो. आजवर त्यात फार तर पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडला असेल. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं निघतात, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या संकेतस्थळावर भरतीबरोबर लाटांच्या उंचीचा अंदाजही मिळतो. ते मी आदल्या रात्री बघतोच. पण महिनाभर आधी सुट्टी टाकायची तर भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आणखी एक फरक उत्तरेकडून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. जसजसं दक्षिणेला याल तसतसा हा फरक कमी होतो. आमच्याकडे मोठ्या उधाणालाही जेमतेम दोन-अडीच मीटर. रायगडच्या खाड्यांत त्या जोरामुळे गाळ सतत ढवळलेला राहतो, सिंधुदुर्गात पाणी लवकर निवळतं. मुरूडजवळच्या राजपुरी खाडीत फ्लाय टाकायची तर भांगाचे, म्हणजे पाणी सगळ्यात कमी चढतं-उतरतं ते, दिवस धरावे लागतात. मिठबाव-तांबळडेगच्या खाडीत तेवढी अडवणूक नाही.

मी स्वतः कुठले दिवस धरतो? षष्ठी आणि सप्तमी, दोन्ही पक्षांतल्या. हिशोब करून बघा. षष्ठीला 6 ची पाऊणपट साडेचार, आमच्याकडे साडेतीन. पहाटे साडेतीनला पूर्ण भरती, म्हणजे साडेनऊ-पावणेदहाला पूर्ण सुकती. ओहोटीचे शेवटचे दोन तास सकाळी साडेसात ते साडेनऊ. या वेळी सूर्य पूर्वेच्या डोंगरामागून वर आलेला असतो आणि पाण्यात खोलवर दिसतं, समुद्राचा वारा अजून सुटलेला नसतो, कांदळवनातलं सगळं पाणी, आणि त्याबरोबर कोळंबी, वरांजे, बारीक मासळी खाडीच्या मुख्य धारेत ओढली जात असते. पाण्याला ओढ आहे, पण उधाणासारखा गाळ उठत नाही. मला खाडीत याहून सरस वेळ माहीत नाही.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास गणित उलटं होतं. पहाटे पाचला सुकती आणि मग सकाळभर पाणी चढत असतं. अशा वेळी खाडी सोडा, खडकांवर किंवा पुळणीवर जा. कालवांनी भरलेल्या खडकांवर पहिलं पाणी चढू लागलं की पालू आणि तांबोशी हे मासे खाणं शोधत आत शिरतात. दशमी-एकादशीला भांग असतो. पाणी नितळ, पण सुस्त. तेव्हा जिथे खाडी आवळते तिथेच उभं राहायचं: पुलाचे खांब, वळणाची बाहेरची बाजू, जुन्या जेटीचं टोक.

आता वारा. पाऊस संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकते. मग तासभर सगळं थांबतं. अकरा-बारापासून खारा वारा सुटतो, तो बहुतेक वायव्येचा, आणि दुपारी तीनपर्यंत त्याला चांगलाच जोर येतो. पश्चिमेकडे तोंड करून पुळणीवर उभे राहिलात तर मतलई पाठीवर असते. पुढचा कास्ट आपोआप लांब जातो, मागचा मात्र नीट उलगडायला जड जातो. म्हणून मागची दोरी खाली, जोर लावून टाकायची आणि पुढची उंच सोडायची. दुपारी वायव्येचा वारा समोरून उजव्या बाजूने येतो आणि उजव्या हाताने टाकणाऱ्याची दोरी त्याच्याच अंगावर ढकलतो. क्लाउझर नावाच्या फ्लायला शिशाचे डोळे असतात. ते कानाच्या मागे बसले की डॉक्टर गाठावा लागतो. अशा वाऱ्यात समुद्राकडे पाठ करून उभे राहा, पुढचा कास्ट जमिनीकडे करा आणि दोरी मागच्या कास्टवर पाण्यात सोडा. दोरी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूने जाते, गळ अंगापासून लांब राहतो. हे अंगणात दोनचार संध्याकाळी करून बघितलं की जमतं. टोपी आणि चष्मा मात्र वारा असो-नसो, घालायचाच.

सूर्याचंही तसंच. आपली पुळण पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी ऊन पाठीमागून येतं. मासा दिसायला हे उत्तम, पण तुमची लांब सावली तुमच्या पुढे पाण्यात पडते आणि उथळ पाण्यातला मासा ती बघून पळतो. तिरपे उभे राहा. संध्याकाळी सगळी चकाकी डोळ्यांवर येते. तांबूस काचेचा पोलराइज्ड चष्मा घेतला तरी फारसं दिसत नाही, तेव्हा दिसण्याची आशा सोडून अंदाजाने टाकायचं.

पाण्याचा नितळपणा मोजायला माझ्याकडे एकच माप आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि खाली बघायचं. पायाची नखं दिसली तर पांढरी-हिरवी किंवा पांढरी-करडी फ्लाय. पाऊल नुसतं अंधुक दिसलं तर काळी किंवा जांभळी, जाड डोक्याची, पाणी ढकलणारी फ्लाय आणि हळू ओढणं. पाऊलच दिसलं नाही तर रॉडचे जोड सोडवून तो पिशवीत भरावा.

गणपतीनंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, खाडी दोन थरांत असते. नदीचं गोडं गढूळ पाणी हलकं, ते वर. समुद्राचं खारं पाणी जड, ते खालून आत शिरतं. वरून बघाल तर वाटेल आज काही नाही, पण चार-पाच फुटांखाली पाणी बरंच स्वच्छ असतं आणि मासाही तिथेच. तेव्हा तरंगती दोरी निरुपयोगी, हळू बुडणारी इंटरमीडिएट लागते. दिवाळीनंतर नद्या आटतात आणि खारं पाणी खाडीत बरंच वरपर्यंत चढतं. याला वाशिष्ठी हा मोठा अपवाद. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजगृहातून वाशिष्ठीत सुटतं, म्हणून चिपळूण-गोवळकोटकडे भर उन्हाळ्यातही नदीला गोडं पाणी असतं. दाभोळ खाडीच्या मुखाशी जे चालतं ते वरच्या अंगाला चालेल असं धरू नका.

एप्रिल-मेमध्ये समुद्राचं पाणी 30 अंशांच्या आसपास पोचतं, जानेवारीपेक्षा तीनेक अंश जास्त. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासा दमला तर सावरायला त्याला वेळ लागतो. त्या महिन्यांत पहाटे तासभर, बस. शिवाय दक्षिणेकडून लांबच्या लाटा येतात त्या याच दिवसांत. वारा नसताना समुद्र अचानक उसळतो. इन्कॉइसचा इशारा असेल तर खडकांवर पाय ठेवू नका.

आता जिताड्याकडे. षष्ठीची सकाळ आहे, ओहोटीचा शेवटचा टप्पा. कांदळवनातून एक ओघळ, दोन पुरुषभर रुंद, खाडीला मिळतोय. आतलं पाणी चहाच्या रंगाचं, खाडीतलं हिरवट. जिथे दोन्ही मिळतात तिथे एक स्पष्ट रेघ दिसते. काठावर दोन बगळे मान पुढे काढून उभे असतील तर समजा कोळंबी बाहेर पडतेय. बगळे नसतील तर मी पुढच्या ओघळाकडे जातो. जिताडा रेघेच्या आत, गढूळ बाजूला, तळाजवळ तोंड प्रवाहाकडे करून असतो आणि जे वाहून येईल ते ओढून घेतो. तो पृष्ठभागावर खातो तेव्हा नारळ पाण्यात पडावा तसा आवाज होतो. ओघळाच्या वरच्या अंगाला, काठापासून चार पावलं मागे उभे राहा. गाळात धपधप चालू नका, ते त्याला आधी कळतं. फ्लाय ओघळात आडवी टाका, ओढू नका. प्रवाहाला ती रेघेपर्यंत नेऊ द्या, दोरीला फक्त ताण ठेवा. रेघ ओलांडताना दोन छोटे झटके, मग थांबा. घास बहुतेक या थांबण्यातच लागतो. हाताला जड लागलं की रॉड उचलायची उबळ येते. उचलायचा नाही. रॉड पाण्याकडेच रोखून डाव्या हाताने दोरी जोरात मागे खेचायची. जिताड्याचं तोंड टणक, रॉड वाकवून गळ त्यात रुतत नाही. मासा उडी मारतो तेव्हा रॉड त्याच्याकडे झुकवून दोरी सैल करा, पाण्यात पडला की पुन्हा ताणा.

रायगडात, पेण-अलिबागकडे, हेच सगळं खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधांच्या, उघाड्यांवर (बांधातल्या दारांवर) घडतं. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झापं उघडतात आणि बारीक मासळी धारेबरोबर बाहेर फेकली जाते. तिथे आधीपासून कोणी ना कोणी जाळं लावून बसलेलं असतं. त्यांचा हक्क आधीचा. विचारून, अंतर ठेवून टाका.

सामानाबद्दल थोडंच सांगतो, कारण लोक त्यावरच फार बोलतात. 9 फुटी 8 नंबरचा रॉड. फक्त पालू आणि मुडदुशी करायची तर 6 नंबर. दोरी उष्ण प्रदेशासाठी बनवलेलीच घ्या. थंड पाण्यासाठीची दोरी आपल्या उन्हात मऊ पडते, चिकटते आणि रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. लीडर, म्हणजे दोरीच्या पुढची बारीक तंगूस (नायलॉनचा धागा), आठ-नऊ फूट, 16 ते 20 पौंडांचा. त्याच्या पुढे दीड फूट 40 पौंडांची जाड तंगूस बांधा, कारण जिताड्याचे कल्ले सुरीसारखे धारदार आणि ओठ कानशीसारखे खरखरीत असतात. कर्लीचे दात तर तीही कापतात, ती लागली तर फ्लाय गेली म्हणून समजा. गळ 1 ते 2/0 नंबरचे, काटा चिमट्याने दाबून सपाट केलेले. फ्लाय मी घरीच बांधतो. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं उत्तम, लांब आणि लवचीक. पावसाळ्यात दुसरं काम नसतं तेव्हा डबा भरून ठेवायचा. एवढं लक्षात ठेवा, की आपल्या खाडीतली कोळंबी जवळजवळ पारदर्शक असते. दुकानातल्या भडक गुलाबी फ्लाय माणसांना आवडतात.

नवशिके हमखास फसतात ते शेवट्यांना. खाडीत थवेच्या थवे उड्या मारताना दिसतात आणि माणूस सकाळभर त्यांच्यावर फ्लाय टाकत बसतो. शेवटा तळातलं शेवाळ आणि सेंद्रिय गाळ खातो, तुमच्या फ्लायकडे ढुंकून बघत नाही. मात्र शेवटे एका दिशेने घाबरून उसळले तर त्यांच्या मागे बघा, तिथे कोणीतरी मोठा आहे. पुळणीवर सुरय पक्षी एकाच जागी पुन्हा पुन्हा सूर मारत असतील तर खाली तारली आहे, आणि तिच्यामागे कोकर किंवा टोळ हे शिकारी मासे. इथे फ्लाय पडताक्षणी जोरात ओढायची, हळू ओढलेली कोकराला चालत नाही. रावस लाटा फुटतात त्याच्या मागच्या खळग्यात मिळतो, थंडीत, ऊन चढायच्या आत. तांबोशी खडकातून बाहेर येऊन घेते आणि त्याच झेपेत परत आत शिरते. पहिल्या दोन सेकंदांत दोरी अजिबात सोडली नाही तरच ती हाती लागते.

पाय सांभाळा. वाळूत पाऊल उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जाते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना उतरते, आणि तसेच दवाखान्यात जा. शिंगटीचे काटेही विषारी, ती हाताने सोडवू नका, पक्कड वापरा. कालवांवर अनवाणी पाय म्हणजे टाके. वाशिष्ठी आणि सावित्रीच्या वरच्या अंगाला मगरी आहेत, तिथे पाण्यात उतरायचंच नाही, होडीतून टाका. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट ऐकू आला की ग्राफाइटचा लांब रॉड हातात धरून पुळणीवर उभं राहणं शुद्ध वेडेपणा. आणि वाळूच्या दांड्यावर चालत गेलात तर भरती सुरू व्हायच्या आधी परत फिरा. दांड्याच्या मागची खोलगट बाजू आधी भरते, पुढे अजून घोटाभरच पाणी दिसत असतं.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसं ओढतात ते लांब जाळं, लागलेली असेल तर तिच्या दोन्ही टोकांच्या मध्ये दोरी टाकायची नाही, ओढायला दोन हात लावावेत. नंतर मासळी कुठे फिरतेय हे तीच माणसं सांगतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. त्या हद्दीजवळ जायचं तर आधी वनखात्याकडे चौकशी करा. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री बॅटरी घेऊन फिरू नका. कांदळाच्या फांद्या कास्टला आड येतात म्हणून तोडणं गुन्हा आहे, आणि मूर्खपणाही, कारण मासा त्या मुळांसाठीच तिथे आलेला असतो.

मासा खायला न्यायचा की सोडायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी मध्यम जिताडा घरी आणतो, मोठा सोडतो. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठा जिताडा बहुधा मादीच. पावसाच्या तोंडाला ती खाडीच्या मुखाशी अंडी घालते. सोडायचा तर लवकर ओढून आणा, पाण्याबाहेर काढून फोटोंचा कार्यक्रम करू नका. ओल्या हाताने पोटाखाली आधार देऊन तोंड प्रवाहाकडे धरा, शेपटी स्वतःहून मारेपर्यंत. पुढे मागे हलवायची गरज नाही, वाहतं पाणी कल्ल्यांतून आपोआप जातं.

घरी आल्यावर रीळ बादलीत बुडवू नका, मिठाचं पाणी आत जातं. ब्रेक थोडा आवळून वरून गोड्या पाण्याची मंद धार सोडा, मग ब्रेक पूर्ण सैल करून सावलीत ठेवा. वापरलेल्या फ्लाय डब्यात परत टाकू नका, एका ओल्या गळाने सगळा डबा गंजतो. त्या वेगळ्या धुऊन, खिडकीत टांगून वाळवा. 1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, मीही त्याच सुमारास दोरी रिळावरून काढून, साबणाच्या पाण्याने पुसून, मोठ्या वेटोळ्यात भिंतीवर लावतो आणि नारळी पौर्णिमेनंतरच उतरवतो. तोवर कॅलेंडरावर षष्ठी-सप्तमीला लाल पेनाने गोल करून झालेले असतात.